चुंबळ

यंदाच्या येळवशीला रानात माझ्यासाठी खुर्ची आली.

लातूर-धाराशिवकडच्यांना येळवस सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागातली गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा झाली की आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची आणि मग भज्जी, उंडे, खीर घेऊन जमिनीवर बसायचं. घरचे, पाव्हणे, वाटंनं जाणारा कुणी अनोळखी, सगळे खालीच. सतरंजी पुरली नाही तर खताची रिकामी पोती उसवून अंथरतात.

मी उभीच होते. म्हणजे वाढत होते. हे वाढण्याचं निमित्त मला गेली सहा-सात वर्षं पुरतंय. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, मी कमरेला पदर खोचून वाढायला. लोकांना वाटतं हौस आहे. वहिनीनं मात्र ओळखलं असणार. तिनं भाच्याला गावात पिटाळलं आणि तो मोटारसायकलवर मागं उलटी बांधून खुर्ची घेऊन आला. लाल प्लास्टिकची, पाठीवर मंडपवाल्याचं नाव छापलेली. रानात अशा दोनच खुर्च्या. दुसरीवर आमचे चुलत आजोबा, वय वर्षं ऐंशीच्या पुढं. मला म्हणाले, "ये बाई, आपुन साहेबलोक." सगळे हसले, मीही हसले.

माझं वय ४९. समोर सतरंजीवर मांडी घालून, मांडीत ताट घेऊन माझी आई उंडा भज्जीत कुस्करत होती. तिचं वय ७२.

डॉक्टर लोक गुडघ्याचं विचारतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, चालताना दुखतं का? दुसरा, जिना चढताना? माझ्या शाळेला वरचा मजला नाही आणि घराला जिना नाही. चालायचं म्हणाल तर मी रोज चार किलोमीटर चालते, दुखत नाही असं नाही, पण चालते. आमच्याकडं गुडघ्याचा खरा हिशोब बसण्यावर होतो. खुरपायचं तर उकिडवं, भाकरी थापायची तर पाटावर, भजनाला, कीर्तनाला, मयताच्या घरी भेटायला गेलं तरी भिंतीला टेकून खालीच. दुःखात असलेल्या बाईच्या शेजारी खाली बसायचं सोडून तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं म्हणजे कसं वाटतं, ते मी अनुभवलंय.

तर ही गोष्ट माझ्या उजव्या गुडघ्याची आहे. आमच्याकडं सगळं भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर असं मोजतात. ही नंतरची. सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, त्याला तीन वर्षं होत आली होती. आमच्या औसा तालुक्यातली कितीतरी गावं अजून पत्र्याच्या शेडात होती. मी लातूरला कॉलेजात होते आणि खो-खो खेळत होते. नांदेडचं विद्यापीठ १९९४ ला वेगळं झालं, त्यामुळं संघही नवा, सगळ्यांनाच जागा मिळण्याची आशा.

खो-खो ज्यांनी खेळलाय त्यांना ठाऊक आहे, पाठलाग करणाऱ्याला मध्येच मागं वळता येत नाही. दिशा बदलायची तर खांबाला वळसा. मी खांबाची खेळाडू होते. पळत येऊन उजव्या हातानं खांब धरायचा, गुडघा वाकवून अंग खाली टाकायचं आणि त्याच झोकात वळायचं. त्या मैदानावर मुरूम टाकलेला होता, पण खांबापाशी पायांनी तो कधीच उडून गेला होता आणि खालची काळी माती उघडी पडली होती. काळ्या मातीच्या भेगा शहरातल्या माणसाला सांगून कळायच्या नाहीत, तळहात जाईल एवढ्या असतात. माझ्या बुटाचं टोक तसल्या एका भेगेत रुतलं, पाय तिथंच राहिला आणि मी वळले. आवाज आला. ओल्या भुईमुगाची शेंग फोडल्यावर येतो तेवढाच.

गुडघा सरळ होईना. मैत्रिणींनी ओढून बघितला, मी किंचाळले. आप्पांनी आधी हाडवैद्याकडं नेलं, त्यानं तेल लावून एक झटका दिला आणि खटकन पाय सुटला. त्याचे पन्नास रुपये झाले आणि आमच्या घरात त्याची कीर्ती महिनाभर टिकली. महिन्यानं मी न्हाणीतून उठायला गेले आणि पाय परत अडकला. मग आप्पांनी आडतीवरून तुरीवर उचल घेतली आणि मला हाडाच्या डॉक्टरकडं दाखल केलं. एमआरआय हे नाव घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून-पिळून तपासला आणि म्हणाले, गादी फाटलीय, काढून टाकू, पोरगी पुढच्या हंगामात खेळंल.

ऑपरेशन झालं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन इंचांचा व्रण आहे, आता फिकट पडलाय. काढलेली गादी डॉक्टरांनी ट्रेमध्ये आणून दाखवली. ओल्या खोबऱ्याच्या फाकेसारखी, पांढरी, चिवट, चंद्रकोरीच्या आकाराची, एका बाजूला चिंधी लोंबणारी. आप्पांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढंसंच?" त्यांना वाटत होतं, एवढ्या उचलीच्या मानानं काहीतरी मोठं निघेल.

एवढंसंच. पण ते काय होतं, हे मला कळायला पुढं सोळा वर्षं गेली.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल असतं आणि नडगीच्या हाडाचा वरचा माथा जवळजवळ सपाट. गोलावर सपाट बसवायचं म्हटलं की टेकायला एकच ठिपका मिळतो. बायका डोक्यावर घागर घेतात तेव्हा काय करतात? कापडाची चुंबळ करतात. घागरीचा गोल बूड चुंबळीत बसतो, भार डोक्यावर पसरतो, घागर हलत नाही. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन अर्ध्या-अर्ध्या चुंबळी असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. उभं असताना गुडघ्यातून जाणाऱ्या भारातला साधारण निम्मा भार त्या उचलतात. गुडघा काटकोनात वाकला की हा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. त्याहून खाली, उकिडवं बसलं, की बराचसा दाब गादीच्या मागच्या टोकावर. म्हणजे ज्या बसण्यावर आमचं सगळं जगणं चालतं, त्याच बसण्याला ही गादी सगळ्यात जास्त लागते. चुंबळ काढून घागर नेता येते. आमच्या आत्या दोन-दोन घागरी तशाच न्यायच्या. पण त्यांच्या टाळूवर जे टक्कल पडलं होतं, ते लहानपणी मी बोटानं चाचपून बघितलंय.

डॉक्टरांचा शब्द मात्र खरा झाला. पुढच्या हंगामात मी खेळले. विद्यापीठाच्या संघात गेले, एका सामन्यात चार गडी टिपले. मग बीपीएड केलं, शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागले, लग्न झालं, मुलगी झाली, तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. ऑपरेशन झालंय हे मी विसरून गेले होते. कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं, गादी काढा, काही होत नाही. आणि अशी सांगणारी मी एकटी नसणार. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून सांगणारे सगळे पहिल्या दहा वर्षांतले असतात.

२०१२ च्या कोजागरीला औशाहून तुळजापूरला पायी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा एवढा सुजला की वाटी दिसेना. उरलेली वाट टमटममधून केली. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं, बाहेरच्या बाजूला दोन हाडांत काळी फट आहे, आतल्या बाजूला ती जवळजवळ मिटलीय. हाडाच्या कडेला एक बारीक कंगोरा फुटलाय. "आत कधी काही केलं होतं का?" त्यांनी विचारलं. मी व्रण दाखवला. ते नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ लावायला मी पुढं बरंच वाचलं. माझा एक भाचा अंबाजोगाईला स्वाराती मेडिकल कॉलेजात शिकतोय, तोही आता पाठवत असतो. "आत्या, हे वाच," एवढंच लिहितो आणि वर इंग्रजीतली दहा पानं.

वाचून एकेक कळत गेलं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. गादी टाके घालून जागेवर बसवता येते, हे १८८३ सालीच एडिंबरोत टॉमस अनंडेल नावाच्या सर्जननं एका खाणकामगारावर करून दाखवलं होतं. मग १८९७ ला ब्लांड-सटन नावाचे दुसरे थोर गृहस्थ लिहून गेले की गादी म्हणजे पायाच्या स्नायूचा बिनकामाचा उरलेला अवशेष आहे. झालं. उरलेलं, बिनकामाचं, म्हणून पुढं पाऊणशे वर्षं लोकांच्या गाद्या काढत राहिले. १९४८ ला इंग्लंडमधल्या फेअरबँक यांनी गाद्या काढलेल्या लोकांचे एक्स-रे बघून लिहिलं की फट कमी होते, हाडाचा गोल चपटा होतो, कडेला कंगोरा येतो. माझ्या एक्स-रेत जे दिसलं ते. १९६२ ला टोकियोत वातानाबे यांनी दुर्बिणीतून फक्त फाटका तुकडा काढून बाकीची गादी वाचवली. आणि १९९६ ला लातूरमध्ये माझी अख्खी गेली.

राग फार दिवस टिकला नाही. त्या डॉक्टरांकडं दुर्बीण नव्हती. असती तरी आप्पांकडं तिचे पैसे नव्हते. आणि मला घाई होती, हे मी सोयीनं विसरत होते. कुणी मला विसाव्या वर्षी बसवून सांगितलं असतं, की बाई, पन्नाशीत तुला येळवशीला खुर्ची लागेल, तर मी काय म्हणाले असते? लागू दे की. पन्नाशी म्हणजे म्हातारपणच वाटायचं तेव्हा.

स्वीडनमधल्या डॉक्टरांनी गादी काढलेल्या लोकांना २१ वर्षांनी परत बोलावून एक्स-रे काढले आणि तसल्याच वयाच्या, ऑपरेशन न झालेल्या लोकांशी ताडून बघितले. १९९८ ला ते छापून आलं. झीज दिसण्याची शक्यता १४ पट. हा आकडा वाचला त्या रात्री मी उठून दोन्ही गुडघे आरशासमोर बघितले. डावा सरळ. उजवा बाहेरच्या बाजूला थोडा धनुकलीसारखा झुकलेला. आतली फट मिटत गेली की पाय असा वाकतो, आणि पाय वाकला की भार अजून आतल्याच बाजूला पडतो. हे चाक एकदा फिरायला लागलं की आपोआप फिरतं. एक्स-रेतली झीज आणि दुखणं यांचं प्रमाण सारखंच असतं असंही नाही. एक्स-रे वाईट आणि माणूस टुणटुणीत, अशीही माणसं असतात. माझं दोन्ही आहे.

आता पुढचं काय, हे विचारायला मी वर्षाआड जाते. मांडीचे स्नायू भक्कम ठेवा, वजन वाढू देऊ नका, सायकल चालवा. हे चालूच आहे आणि त्यानं खरंच फरक पडतो. नडगीचं हाड थोडं कापून पाय सरळ करायचं एक ऑपरेशन असतं, ते करायचं तर आताच. नाहीतर थांबा आणि मग वाट्या बदला, म्हणजे सांधाच कृत्रिम बसवा. वाट्या चांगल्या टिकतात. २०१९ ला लॅन्सेटमध्ये आलेल्या हिशोबात २५ वर्षांनीही शंभरातल्या ८२ पूर्ण वाट्या जागेवर होत्या, अर्ध्या, म्हणजे सांध्याची एकच बाजू बदललेल्या, वाट्यांपैकी ७०. हे ऐकून मी हुरळले होते. मग विचारलं, "बदलल्यावर मांडी घालता येईल ना?" डॉक्टर हसले. "खाली बसायचं टाळायचं, मॅडम." म्हणजे चालायला येईल, जिनाही चढेन, जो माझ्या घराला नाही.

आईची गोष्ट मध्येच सांगायला हवी, नाहीतर गैरसमज व्हायचा.

२०२३ च्या पावसाळ्यात आईचा गुडघा धरला. तोवर तिनं कधी गुडघ्याची तक्रार केली नव्हती. पन्नास वर्षं खुरपलेलं. एमआरआय केला, रिपोर्टात लिहून आलं की आतली गादी फाटलीय. घरात रडारड. आता माझ्यामुळं घरात सगळ्यांना गादी म्हणजे काय ते ठाऊक आहे. एका दवाखान्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली. तेव्हा भाच्यानं फोन करून सांगितलं, आत्या, जरा थांबा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ९९१ माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते, मध्यमवयीन आणि म्हातारी, रस्त्यावरून उचललेली म्हणावी अशी. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या निघाल्या त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघ्याचं काही दुखणं नव्हतं. वयानुसार केस पिकतात तशी गादीही विरते. फोटोत फाटलेली दिसली म्हणून दुखणं तिचंच, असं म्हणता येत नाही.

दुसरा प्रयोग फिनलंडचा, २०१३ चा. वयानं गादी फाटलेल्या, गुडघ्याची झीज न झालेल्या १४६ जणांपैकी निम्म्यांची दुर्बिणीतून फाटकी कड कापली आणि निम्म्यांची नुसती कापल्यासारखं केलं, आत बघितलं, आवाज केले, बाहेर आले. कुणाचं काय केलं ते रुग्णाला ठाऊक नाही, नंतर तपासणाऱ्यालाही नाही. वर्षानं दोन्हीकडचे लोक जवळजवळ सारखेच सुधारलेले. मी हे आईला भाकरी करता करता समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी नुसतं काप मारून शिवलं तरी बरं वाटलं त्येंला?"

"हो."

"मग आपला देवरुषी काय वाईट गं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तारीख आम्ही सोडून दिली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, खाटेवर बसून पाय सरळ करणं, असे चार व्यायाम तिनं सकाळ-संध्याकाळ केले. पहिला महिना मला शिव्या घालत केले. चौथ्या महिन्यात ती परत खाली बसायला लागली. म्हणून येळवशीला ७२ वर्षांची आई सतरंजीवर आणि ४९ ची मी खुर्चीवर. तिची गादी फाटकी का होईना, जागेवर आहे.

पण याचा अर्थ गादीला कधीच हात लावू नये, असा कुणी काढला तर तो पोरांचा घात करील. विरलेल्या लुगड्याला टाका धरत नाही. नवं कापड उसवलं तर धरतो. वयानं झिजून पिंजारलेली गादी आणि विशीत एका झटक्यात फाटून गुडघा अडकवणारी गादी, दोन्हींना आपण एकच नाव देतो, तिथंच गोंधळ होतो. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्त पोचतं, आतल्या कडेला नाही. फाटणं बाहेरच्या कडेला असेल आणि वय कोवळं असेल, तर टाका भरून येण्याची आशा असते.

२०२२ च्या डिसेंबरात माझ्याच शाळेतल्या एका मुलीचा गुडघा माझ्या डोळ्यांसमोर गेला. वय पंधरा. खांबावर सूर मारायला गेली आणि त्याच पद्धतीनं वळली. मैदान चांगलं होतं, भेगा नव्हत्या, मी स्वतः रोज पाणी मारून घ्यायचे. तरीही. तिनं पाय पोटाशी घेतला आणि सरळ करेना. तेव्हाच मला कळलं होतं. एमआरआयमध्ये आलं, बादलीची कडी निघावी तशी गादी उचकटून मध्ये येऊन अडकलीय. सर्जन म्हणाले, शिवता येईल असं दिसतंय. पण शिवली तर सहा आठवडे पट्टा आणि कुबड्या, चार महिने उकिडवं बसायचं नाही, मैदानावर सहा महिन्यांनंतर. नुसता फाटका भाग काढला तर महिना-दीड महिन्यात पळेल. राज्य स्पर्धा दोन महिन्यांवर होती. वडलांनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि विचार कोणत्या बाजूला चाललाय ते मला दिसत होतं.

मी त्यांच्या वस्तीवर गेले. खाटेवर बसवलं, चहा दिला. मुलगी आत पडून होती, आजी दाराशी बसलेली. वडील म्हणाले, "मॅडम, तुमची बी काढलेलीच की. तुमी तर विद्यापीठ खेळलात."

खरं होतं. माझा फोटो शाळेत कार्यालयाबाहेर लावलेला आहे, खांबाला हात घालून वळतानाचा.

मी कपबशी खाली ठेवली आणि म्हटलं, "दादा, मी खाली बसते, बघा." खाटेची कड धरून डावा गुडघा वाकवला, उजवा पाय लांब सोडला आणि धपकन बसले. मग म्हटलं, आता उठते. उठायची माझी एक पद्धत आहे, ती मी कुणासमोर करत नाही. आधी डाव्या कुशीवर वळायचं, दोन्ही हात जमिनीला टेकायचे, मग कंबर वर आणि मग एकेक पाय खाली ओढत उभं राहायचं. वासरू पहिल्यांदा उभं राहतं तसं. मी कंबर वर केली तेव्हा दाराशी बसलेली आजी, माझ्या आईपेक्षा मोठी असेल, टुणकन उठून आली आणि तिनं माझा दंड धरला.

कुणी काही बोललं नाही. वडील चहाकडं बघत होते. मी मनात नसताना अजून एक गोष्ट सांगितली, कारण ती लपवली असती तर नंतर तोंड दाखवता आलं नसतं. शिवलेल्या गाद्यांतली साधारण पाचातली एक पुढं केव्हातरी पुन्हा फाटते. "मग?" ते म्हणाले. मी म्हटलं, "मग चार राहतात." यावर ते काही बोलणार तोच आजी म्हणाली, "शिवा म्हनाव पोरीची."

शिवली. सगळ्यात मोठी अडचण काय आली असेल? संडास. घरात भारतीय बैठकीचा, आणि गुडघा वाकवायला बंदी. डॉक्टरांच्या कागदावर कुबड्या, पट्टा, बर्फ सगळं लिहिलेलं होतं, हे नव्हतं. शेवटी लातूरहून मधे भोक असलेली कमोडची खुर्ची आणली आणि बैठकीवर ठेवली. गल्लीतली पोरं तिला चिडवायची, सिंहासन म्हणून. राज्य स्पर्धा गेली. संघ पहिल्याच फेरीत हरला. तिनं माझ्याशी सहा महिने धड बोलणं टाकलं. तिच्या वर्गातल्या मुलींनी मला सांगितलं, ती म्हणायलीय, मॅडमनी आपलं वैर काढलं. पंधराव्या वर्षी मीही तेच म्हणाले असते. तिची पस्तिशी, चाळिशी मी तिच्या आधी बघून आले होते आणि तिला तिथून काही दिसत नव्हतं, यात तिची काय चूक? आणि मी जे बघून आले ते तिच्याही वाट्याला येणार होतं, याची तरी खात्री मला कुठं होती? कदाचित नुसता तुकडा काढून ती स्पर्धा खेळली असती आणि पन्नाशीतही मांडी घालून बसली असती. असेही असतात. एका गुडघ्यावरून दुसऱ्याचं भविष्य सांगता येत नाही, आणि मी तर तेच केलं होतं, शास्त्राचा आधार घेऊन का होईना.

ती परत खेळायला लागली. चौकात बसते तेव्हा बाकीच्या मुली पुरत्या उकिडव्या होतात, ती किंचित उंच राहते. तेवढ्या उंचीनं उठायला अर्धा क्षण लवकर मिळतो, असं तिचं म्हणणं. मी ते खोडत नाही. आता ती बारावी करून लातूरला शिकायला आहे, कॉलेजच्या संघात आहे आणि खांबावर सूर मारायचं तिनं सोडलेलं नाही.

येळवशीच्या संध्याकाळी उन्हं उतरली, कोपीतले पांडव तसेच ठेवून आम्ही आवराआवर केली. आईनं एक हात जमिनीला टेकवला आणि उठली. पंच्याची चुंबळ केली, तिच्यावर आंबिलीचं रिकामं मडकं ठेवलं आणि बांधावरून चालायला लागली. मी खुर्ची भाच्याच्या मोटारसायकलला बांधत होते तेव्हा फोन वाजला. त्या मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता, त्यांच्या रानातला. सतरंजीवर मांडी घालून बसलीय, मांडीत ताट, खाली लिहिलंय, "मॅडम बघा."

मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. डावा गुडघा जमिनीला टेकलेला होता. उजवा टेकला नव्हता, त्याच्याखालून पलीकडचा हरभरा दिसत होता, चार बोटं. तीन वर्षांनंतर एवढं असणं चांगलंय का वाईट, ते एका फोटोवरून मला काय कळणार?

मी तिला लिहून पाठवलं, "भज्जीत वाल जास्त झालाय तुमच्या."

तिचं लगेच उत्तर आलं, "आजीनं केलीय."